जमिनीतल्या किडी आणि शेणखत, लेंडीखत, कोंबडखत: कोकणातल्या भाजी उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भात झोडून झालं की कोकणात मळ्यात आणि परसात भाजीची धांदल सुरू होते. वांगी, मिरची, मुळा, लाल माठ, वाल, चवळी, वेलवर्गीय भाज्या, अलिबागकडे पांढरा कांदा. त्याच सुमारास हे प्रश्न येतात: रोपं अचानक सुकतात, उपटलं तर मुळांना गाठी, खतात पांढऱ्या अळ्या, आता काय करू? उत्तरं एकत्र हाताशी असावीत म्हणून इथे मांडली आहेत.

खत घातल्याने जमिनीतली कीड खरंच मरते का?

खत कोणत्या अवस्थेतलं आहे त्यावर सगळं ठरतं. पूर्ण कुजलेलं खत कीड थेट मारत नाही. ते किडीचे शत्रू वाढवतं आणि झाडाला नवी मुळं फोडायला बळ देतं. अर्धवट कुजलेलं खत उलट कीड बोलावतं. हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) आणि वाळवीचा बराचसा त्रास आपणच टोपलीतून शेतात नेतो. ताजं कोंबडखत मात्र खरोखर मारू शकतं, पण लागवडीआधी, ओल्या मातीत आणि प्लास्टिकखाली. या तिन्हींची गल्लत झाली की "खत घातलं, तरी कीड आली" अशी तक्रार येते. पुढची बहुतेक उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

आपल्याकडे भाजीला त्रास देणाऱ्या जमिनीतल्या किडी कोणत्या?

सर्वात जास्त नुकसान करतात आणि सर्वात कमी दिसतात ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर गाठी करणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. वांगी, टोमॅटो, भेंडी, मिरची, काकडी, पडवळ, दोडका ही त्यांची आवडती पिकं. त्यानंतर हुमणी. काकडी-भोपळ्याची पानं चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरे सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्या अळ्या वेलाच्या बुंध्याशी मातीत राहून मुळं कुरतडतात, हे फारसं कोणी पाहिलेलं नसतं. रात्री रोप जमिनीलगत कापून टाकणारी अळी, वाळवी आणि मातीत कोषावस्थेत जाणारी फळमाशी यांचीही भर घाला.

मुळांवरची गाठ सूत्रकृमीची की चांगली, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न वाल आणि चवळीच्या बाबतीत फार महत्त्वाचा, कारण कडधान्याच्या मुळांवर हवेतलं नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असायलाच हव्यात. रोप उपटू नका, कुदळीने मातीसकट काढा आणि बादलीत बुडवून माती सैल होऊ द्या. मग अंगठ्याने गाठ हलकेच घासा. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, घासली की सुटून हातात येते आणि नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच तिथे सुजलेलं असतं. ओढलं तर मूळ तुटेल, गाठ निघणार नाही. वांगी, भेंडी, काकडी यांच्या मुळांवर कोणतीही गाठ असली तरी ती संशयाचीच.

लागवडीआधी जमीन तपासायची असेल तर घरच्या घरी एक खात्रीची पद्धत आहे. संशयित जागेची ओली माती पिशवीत भरा, काकडीच्या चार-पाच बिया लावा, साधारण पाच आठवड्यांनी रोपं काढून मुळं धुऊन बघा. उन्हाळी हवेत सूत्रकृमीची एक पिढी महिन्याभरात पूर्ण होते, त्यामुळे जमिनीत असतील तर तोवर गाठी दिसतातच.

खत सूत्रकृमींवर नेमकं कसं काम करतं?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा विषाचा. नत्र भरपूर असलेलं ताजं खत कुजताना अमोनिया सुटतो आणि तो सूत्रकृमींना मारक आहे. कोंबडखत यात पुढे, कारण त्यात नत्र सुमारे ३ टक्के असतं. गुराच्या शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. दुसरा टप्पा जिवांचा. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर बुरशी, जिवाणू, कोळीवर्गीय बारीक जीव आणि निरुपद्रवी सूत्रकृमी वाढतात. त्यांतले काही गाठीवाल्या सूत्रकृमींची अंडी खातात, काही पिल्लं जाळ्यात पकडतात. हा परिणाम हळू येतो, पण वर्षानुवर्षं खत पडत राहिलं तर टिकतो.

इथे कोकणची एक अडचण समजून घ्यायला हवी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. मारक असतो तो वायुरूप अमोनिया, आणि आम्ल मातीत तो लगेच अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात जातो. सामू (आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच) ८ असेल तर शंभरात पाचेक भाग वायुरूप राहतात. सामू ६ असेल तर हजारात एक भागही राहत नाही. कोंबडखत स्वतः आजूबाजूच्या मातीचा सामू काही दिवस वर नेतं म्हणून थोडा परिणाम होतो, पण तो खताच्या कणांजवळच. म्हणून देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत जे नुसतं कोंबडखत पसरून साधतं, ते आपल्याकडे तसंच साधेल असं धरू नये. आपल्याकडे वाफ अडवावी लागते, आणि त्यासाठी प्लास्टिक लागतं. आम्ल माती एका बाबतीत मात्र मदत करते: ओलं खत हवाबंद कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्लं आम्ल मातीतच जास्त मारक ठरतात. प्लास्टिकखाली हे दोन्ही मार्ग थोडेथोडे काम करतात, आणि त्यात उन्हाची भर पडते.

प्लास्टिकखाली कोंबडखत ही पद्धत कशी करायची?

वेळ एप्रिल ते मेचा तिसरा आठवडा. मृगाच्या आधी सगळं आवरलं पाहिजे. संपूर्ण शेतावर करणं खर्चिक आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यांवर आणि ज्या वाफ्यात गाठी सापडल्या तिथे करा. रोपवाटिका स्वच्छ झाली तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते, कारण सूत्रकृमी बहुतेकदा रोपाच्या मुळांतूनच नव्या जमिनीत जातो.

जुनी मुळं वेचून जाळा. माती वीतभर खणून ढेकळं फोडा. दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो ताजं कोंबडखत पसरून मातीत मिसळा. मग भरपूर पाणी द्या, ओल वीतभर खोल गेली पाहिजे. कोरड्या मातीत ना वाफ नीट पसरते ना उष्णता खाली जाते. लगेच २५ मायक्रॉन जाडीचं पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि चारही कडा चर खणून मातीत गाडा. काळं प्लास्टिक नको, कारण ते स्वतः तापतं आणि माती कमी तापवतं. चार ते सहा आठवडे हात लावू नका. कुठे भोक पडलं तर चिकटपट्टी लावा.

प्लास्टिक काढल्यावर लगेच बी टाकू नये. माती वरवर हलवून पंधरा दिवस उघडी ठेवा. वास पूर्ण गेला की मूठभर मुळ्याचं बी पेरून बघा. ते नीट उगवलं तर वाफा तयार. या प्रक्रियेत चांगले जीवही बरेच मरतात, म्हणून बी टाकण्याआधी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळायलाच हवं. मोकळ्या झालेल्या घरात आधी आपली माणसं बसवावीत, नाहीतर रोगबुरशी बसते.

आम्ही राब भाजतो. त्याने हेच होत नाही का?

काही प्रमाणात होतं. शेण, पालापाचोळा, कवळं आणि गवत यांचे थर देऊन जाळल्यावर वरच्या दोन-तीन बोटं मातीतलं तणाचं बी, अंडी, अळ्या मरतात, आणि राखेमुळे आम्लता थोडी उतरते. आपल्या पूर्वजांनी हे उगाच धरलेलं नव्हतं. पण शेण जाळलं की त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात, शिवाय कवळासाठी झाडं छाटली जातात. उष्णता खोल जात नाही, त्यामुळे वीतभर खालचे सूत्रकृमी शाबूत राहतात. भाजीच्या रोपवाटिकेसाठी मला प्लास्टिकचा मार्ग निःसंशय चांगला वाटतो. शेण जाळण्यापेक्षा कुजवलेलं बरं.

आमच्या गायरीत (शेणखताच्या ढिगात) पांढऱ्या जाड अळ्या आहेत. ही हुमणीच ना? खत वापरू की नको?

थांबा, आधी अळी ओळखा. खताच्या ढिगात इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी तीन वेगवेगळ्या भुंग्यांची असू शकते.

अळी सपाट फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवा आणि मिनिटभर बघत राहा. ती उलटी होऊन पाय वर करून पाठीवर सरकू लागली, तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंग्याची अळी. ती मेलेला पालापाचोळा आणि शेण खाते आणि खत कुजवायला मदत करते. तिला मारायचं कारण नाही.

अळी अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब असेल, तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. ती भाजीला सहसा त्रास देत नाही, पण तिचा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. समुद्रकिनाऱ्यालगत माडाच्या बागा आहेत, तिथे आपली गायरी म्हणजे शेजारच्या माडांवरचं संकट. या अळ्या वेचून मारायलाच हव्यात. दर दोन-तीन महिन्यांनी ढीग उलथा. कोंबड्या सोडल्या तर त्या काम चोख करतात.

पायांवर अडखळत चालणारी किंवा कुशीवर पडून राहणारी, त्याहून लहान अळी हुमणीची असू शकते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, रात्री झाडांचा पाला खातात आणि परत मातीत अंडी घालतात. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली मोकळी जमीन त्यांना आवडते. म्हणून पहिल्या पावसाच्या तोंडावर अर्धकच्चं शेणखत शेतात पसरून ठेवू नका. चाळलेलं, अळ्या वेचलेलं खतच आत न्या. त्या आठवड्यात रात्री विजेच्या दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं, पाण्यात थोडं रॉकेल घातलं, तर भुंगेरे गोळा होतात. सगळ्या वाडीने मिळून केलं तर फरक दिसतो. एकट्याने केलं तर शेजारचे येतातच.

खत पूर्ण कुजलं हे कसं ओळखायचं?

मूठभर घ्या. शेणाचा वास न येता पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास आला पाहिजे, रंग काळपट, हाताला भुसभुशीत, काडी ओळखू येऊ नये. लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर आत अजून काम चालू आहे. कुजताना ढीग ५५ अंशांच्या पुढे काही दिवस तापला आणि चार-पाच वेळा उलथला गेला, तर तणाचं बी, अंडी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. न उलथलेल्या ढिगाच्या कडा थंडच राहतात आणि कीड तिथेच तग धरते.

कोंबडखताबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या कुक्कुटपालनात खाली भाताचं तूस अंथरलेलं असतं. विष्ठा लवकर कुजते, पण तूस फार सावकाश. तूस दिसतंय म्हणून खत कच्चं आहे असं समजू नका. वास आणि ऊब यांवरून ठरवा.

पावसाळ्यात गायरीचं काय करायचं?

छप्पर. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या गायरीतलं नत्र आणि पालाश वहाळातून खाडीला जातं आणि उरतो तो चोथा. शेवटी तो चोथा शेतात घालून "खताचा गुण येत नाही" असं आपण म्हणतो. चार खांब आणि वर माडाच्या झापांचं छप्पर पुरे. भोवती पाणी वळवायला चर. शंखी गोगलगायी पावसाळ्यात ढिगाच्या आडोशाला लपतात, त्या सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाका.

किती खत घालायचं?

वांगी-मिरचीसारख्या पिकाला गुंठ्याला साधारण २०० किलो कुजलेलं शेणखत, म्हणजे हेक्टरी २० टन. कोंबडखत त्याच्या चौथाई, गुंठ्याला ५० किलोच्या वर नको (प्लास्टिकखालच्या वाफ्यांचं माप वेगळं, ते वर दिलं आहे). हिशेब बघा: ५० किलोत ३ टक्क्यांनी दीड किलो नत्र, म्हणजे हेक्टरी १५० किलोच्या आसपास. एवढं नत्र वांग्याला पुरतं. त्यावर आणखी युरिया टाकलात तर पीक माजेल, पानं लुसलुशीत होतील आणि मावा-तुडतुडे जमतील. जमिनीतली कीड आवरताना वरची कीड बोलावून घेऊ नका.

खाडीकाठच्या खारट जमिनीत कोंबडखत आणखी कमी घाला, कारण त्यात क्षार असतात आणि पाऊस संपल्यावर ते वर येतात. तिथे शेणखतच बरं.

लेंडीखत कसं?

उत्तम. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांत नत्र ३ टक्क्यांच्या जवळ, पालाशही चांगलं. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात, तेव्हा कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवण्याची रीत रायगडात जुनी आहे; लेंड्यांबरोबर मूत्रही थेट जमिनीत मुरतं. मात्र लेंडी कडक असते आणि आख्खी राहिली तर महिनोन्‌महिने कुजत नाही. ढिगाला ओल देऊन, काठीने किंवा पायाने फोडून मगच वाफ्यात घाला.

भातखाचरातल्या भाजीला गाठी कमी, परसातल्या भाजीला जास्त. असं का?

कारण खाचरात तीन-चार महिने पाणी उभं होतं. चिखलात हवा नसते, त्यामुळे भाजीला लागणारे सूत्रकृमी आणि हुमणीच्या अळ्या बऱ्याच प्रमाणात मरतात. भाताला लागणारी सूत्रकृमीची वेगळी जात पाण्यातही तगते, हे लक्षात असू द्या. परसात आणि वरकस जमिनीत पाणी कधी तुंबत नाही आणि दरवर्षी तीच वांगी, तीच मिरची. तिथे जागा बदला. एक हंगाम गोंडा (झेंडू) लावा. त्याच्या मुळांतला रस सूत्रकृमींना मारक आहे, आणि दसरा-दिवाळीला फुलांचे पैसेही होतात. गोंड्याबरोबर वांगं लावून अर्धवट फायदा मिळतो. पूर्ण वाफा गोंड्याचा केला तर खरा.

वांगी हिरवीगार असताना एका दिवसात माना टाकतात. खत वाढवू का?

नाही. ही बहुधा जिवाणूजन्य मर, दमट किनाऱ्यावर ती फार. बुंध्याजवळचा खोडाचा बोटभर तुकडा स्वच्छ कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर निदान पक्कं. या रोगाला खत हे औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळा, ते गायरीत टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हीच तो रोग सगळ्या वाफ्यांत वाटाल. पुढच्या वेळी अर्का निधी, अर्का केशव यांसारख्या प्रतिकारक वांग्याच्या जाती घ्या. एक संबंध मात्र आहे: सूत्रकृमीने केलेल्या जखमांतून हा जिवाणू सहज आत शिरतो, म्हणून गाठी आवरल्या की मरही कमी होते.

ट्रायकोडर्मा, मेटारायझियम वगैरे खतात मिसळून द्यावं का?

जरूर. या उपयोगी बुरशींना वाढायला खाद्य लागतं आणि कुजलेलं शेणखत हे उत्तम खाद्य. १०० किलो खतात एक ते दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळून, हलकं पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा, मधे एकदा हलवा. मूळकूज आणि रोपं कोलमडण्यावर याचा चांगला उपयोग होतो. हुमणीसाठी मेटारायझियम, सूत्रकृमींच्या अंड्यांसाठी पॅसिलोमायसिस. मात्रा पाकिटावर असते ती पाळा. तापलेल्या ढिगात यांतलं काहीही टाकू नका, मरून जाईल. जोडीला निंबोळी पेंड गुंठ्याला पाच ते दहा किलो दिली तर सूत्रकृमींवर पकड आणखी घट्ट होते. निंबोळी मिळाली नाही तर करंजाची पेंड आपल्याकडे मिळतेच.

जीवामृत, गोमूत्र दिलं तर पुरे नाही का?

ते झाडाला आणि मातीतल्या जिवांना चालना देतात, द्या. पण एकरी २०० लिटर जीवामृतात शेण असतं १० किलो. तेवढ्याने गाठी भरलेल्या जमिनीतले सूत्रकृमी हटत नाहीत. ते खताची जागा घेऊ शकत नाही.

सुकी मासळी किंवा मासळीची घाण खत म्हणून?

नत्र भरपूर, गुण चांगला, पण उघडी टाकली तर कुत्री, डुकरं, उंदीर आणि माशा यांची रीघ लागते. शेणाच्या थरात खोल गाडून तीन-चार महिने कुजवा आणि मगच वापरा.

चुना आणि खत एकत्र घालावं का?

नको. शिंपल्यांचा चुना खताला लागला की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुना आधी घाला, तीन आठवड्यांनी खत.

मुळा, कोथिंबीर, लाल माठ यांना ताजं शेण चालेल?

चालणार नाही, आणि याबाबत मी ठाम आहे. ही भाजी मातीला टेकलेली असते आणि कोशिंबिरीत कच्ची खाल्ली जाते. ताज्या शेणातून आणि कोंबडखतातून पोट बिघडवणारे जंतू ताटापर्यंत पोचतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं खत आणि काढणी यांत, भाजी मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस अंतर सांगितलं आहे. मुळा तर दीड महिन्यात निघतो. म्हणजे त्याला कुजलेलंच खत हवं.

पीक उभं असताना गाठी दिसल्या. आता काय?

मेलेली मुळं परत येत नाहीत, पण नवी फुटू शकतात. बुंध्याभोवती ओंजळभर कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून द्या, वर मातीची भर लावा, पाण्याचा ताण पडू देऊ नका. कोंबडखत उभ्या पिकाच्या बुंध्याशी देऊ नका, मुळं भाजतात. पीक संपलं की मुळं जमिनीत सोडू नका. गाठींमध्ये शेकडो अंडी असतात.

सूत्रकृमींसाठी माती तपासून कुठे मिळेल?

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र इथे विचारा. नमुना सामूच्या तपासणीपेक्षा वेगळ्या पद्धतीने घ्यायचा असतो: माती वाळवायची नाही. मुळांच्या भोवतालची वीतभर खोलीची ओलसर माती आठ-दहा ठिकाणांहून घ्या, मिसळून अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत भरा, सोबत काही बारीक मुळं टाका, तोंड बांधा आणि उन्हात न ठेवता दोन-तीन दिवसांत पोचवा. पिशवीवर पीक, तारीख आणि आधी तिथे काय लावलं होतं ते पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधा. शाई ओलीने पुसली जाते.